खान्देशात शित्झू पाळायचाय? आधी दुपारचं बघा

शित्झू घरी आणायचा की नाही, हे पिल्लाचं तोंड बघून ठरवू नका. एप्रिल-मे महिन्यात दुपारी बारा ते पाच या वेळात घरी कोण असतं आणि लाइट गेली तर काय सोय आहे, यावर ठरवा. भुसावळ-जळगाव पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. नवरा-बायको दोघंही सकाळी नऊला कामावर जाणार, घर वरच्या मजल्यावर, डोक्यावर तापलेला स्लॅब आणि कूलर बंद, अशी स्थिती असेल तर हा कुत्रा तुमच्यासाठी नाही. त्यापेक्षा आपल्या मातीतलं गावठी पिल्लू घ्या.

शित्झू मूळचा तिबेट-चीनकडचा, राजवाड्यात मांडीवर वाढलेला. उंची साधारण २० ते २८ सेंटिमीटर, वजन ४ ते ७ किलो. नीट सांभाळला तर दहा-बारा वर्षं सहज सोबत करतो, कधी पंधराही ओलांडतो. स्वभाव लाघवी, फिरण्याची गरज कमी, राखणदारीच्या नावानं शून्य. चोर आला तरी त्याच्याही मांडीवर बसेल.

याची खरी अडचण नाकात आहे. माणसासारखा घाम कुत्र्याला येत नाही, थोडा येतो तो फक्त पंजाच्या गाद्यांना. अंगातली उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो. नाकातल्या आणि जिभेवरच्या ओलाव्याची वाफ होते आणि रक्त थंड होतं. शित्झूचं नाक चपटं, नाकपुड्या अरुंद आणि आतली जागा आखूड. त्यामुळे तेवढंच अंग थंड करायला त्याला जास्त धापावं लागतं, आणि धापण्याच्या कष्टानं अंग आणखी तापतं. पुढे ऊन, कूलर, फिरणं, वजन याबद्दल जे सांगितलंय, त्याचं मूळ इथे आहे.

पिल्लू कधी आणि कुठून घ्यावं

आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबर हा सर्वात चांगला काळ. तेव्हा आलेल्या आठ आठवड्यांच्या पिल्लाच्या लसी डिसेंबर-जानेवारीपर्यंत पूर्ण होतात आणि उन्हाळा लागेपर्यंत ते सहा-सात महिन्यांचं होऊन थोडं टणक होतं. परीक्षा संपल्या म्हणून मुलांच्या हट्टापायी मे महिन्यात आणलेलं पिल्लू ऐन उन्हात नवीन घर, नवीन खाणं आणि लसी या सगळ्याला एकदम तोंड देतं. नाशिक किंवा पुण्याहून दुपारच्या गाडीनं आणलं तर प्रवासातच निम्मं गळून जातं.

आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला कुत्र्यांच्या पैदाशीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार मनाई आहे. पाच-सहा आठवड्यांचं पिल्लू 'दोन महिन्यांचं' म्हणून गळ्यात मारतात, म्हणून दात बघा. आठ आठवड्यांच्या पिल्लाचे दुधाचे दात बहुतेक सगळे आलेले असतात, ते सुईसारखे टोकदार लागतात.

पिल्लू हातात घेऊन नाकापासून सुरुवात करा. दोन्ही नाकपुड्या उघड्या दिसल्या पाहिजेत. नुसत्या फटी असतील आणि श्वास घेताना त्या आत ओढल्या जात असतील तर ते पिल्लू आपल्या उन्हाळ्यात हाल काढेल. डोळे स्वच्छ, समोर बघणारे, पांढरटपणा नसलेले हवेत. बेंबीजवळ मऊ गोळी लागली तर तो हर्निया असू शकतो. या जातीत तो बऱ्यापैकी दिसतो, छोटा असेल तर घाबरायचं कारण नाही, पण डॉक्टरांना दाखवायचा. अंग बारीक आणि पोट मात्र टम्म असेल तर जंत धरून चला. आई दाखवायला सांगा. आई दाखवत नसतील तर पिल्लू दुसरीकडून आणलेलं आहे असं समजा.

'टीकप' किंवा 'इम्पिरियल' शित्झू म्हणून जास्त पैसे मागतात. अशी वेगळी जात नाही. एका वेतातलं सर्वात अशक्त पिल्लू महाग करून विकायची ती युक्ती आहे. केनेल क्लब ऑफ इंडियाचे वंशावळीचे कागद देत असतील तर कागदावरचा मायक्रोचिप नंबर पिल्लाच्या कातडीखालच्या चिपशी जुळवून घ्या.

पहिले पंधरा दिवस

ज्यांच्याकडून पिल्लू आणलं, त्यांनी जे खायला घातलं तेच पहिले तीन-चार दिवस द्या. मग आठवडाभरात बदला: दोन दिवस पाव भाग नवीन, दोन दिवस निम्मं, दोन दिवस पाऊण, मग पूर्ण. एकदम बदललं की जुलाब होतात आणि एवढ्याशा जिवाला जुलाब म्हणजे अंगातलं पाणी एका दिवसात जाणं.

तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा खायला द्यायचं, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, त्यानंतर दोन वेळा. लहान जातीच्या पिल्लाच्या अंगात साखरेचा साठा अगदी थोडा असतो. सहा-सात तास उपाशी राहिलं तर ते लडखडतं, अंग गार पडतं, कधी झटके येतात. अशा वेळी बोटावर मध किंवा ग्लुकोजची पावडर कालवून हिरड्यांना चोळा, उबेत धरा आणि डॉक्टरांकडे न्या. शुद्ध हरपलेल्या पिल्लाच्या तोंडात पाणी किंवा दूध ओतू नका, ते फुफ्फुसात जातं.

शी-शूचं वळण लावायला एकच जागा ठरवा. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी आणि खेळून झाल्यावर दर वेळी तिथेच न्या, काम झाल्याबरोबर शाबासकी द्या. दोन महिन्यांचं पिल्लू जास्तीत जास्त दोन-तीन तास धरून ठेवू शकतं, त्यामुळे रात्री एकदा तुम्हाला उठावं लागेलच. चुकलं म्हणून नाक घासायची जुनी पद्धत फक्त एवढंच शिकवते, की माणसासमोर करायचं नाही, पलंगाखाली जाऊन करायचं. शित्झू या बाबतीत मुळातच सावकाश शिकतो. सहा महिने धरून चाला.

पहिली एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात. पार्व्हो, डिस्टेंपर, कावीळ आणि लेप्टो या रोगांसाठीची ही लस दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांनंतर. मग डॉक्टरांच्या वेळापत्रकाप्रमाणे दर वर्षी. जंताचं औषध तीन महिन्यांचं होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, पुढे दर तीन महिन्यांनी, प्रत्येक वेळी वजन करून. शेवटच्या लसीनंतर दोन आठवडे होईपर्यंत गल्लीतल्या जमिनीवर सोडू नका. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो.

खाणं

५ किलो वजनाच्या, नसबंदी झालेल्या मोठ्या शित्झूला दिवसाला साधारण ३०० ते ३५० कॅलरी पुरतात. छोट्या जातीसाठीच्या कोरड्या खाद्याच्या १०० ग्रॅममध्ये बहुधा ३५० ते ४०० कॅलरी असतात. म्हणजे दिवसभराचं मिळून ७५ ते १०० ग्रॅम. वाटीनं मोजू नका, स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. या आकाराच्या कुत्र्याला रोज दहा ग्रॅम जास्त म्हणजे वर्षभरात अंगावर चढलेली चरबी, आणि चपट्या नाकाला चरबीइतकं वाईट काही नाही. बोटं बरगड्यांवर फिरवली की बरगड्या लागल्या पाहिजेत, दिसता कामा नयेत.

घरचं द्यायचं असेल तर निम्मं उकडलेलं चिकन किंवा अंडं, साधारण तिसरा हिस्सा भात आणि उरलेलं भोपळा, गाजर अशी शिजवलेली भाजी. मीठ, तिखट, फोडणी काही नाही. मोठ्या कुत्र्याला भाकरीचा तुकडा चालतो, पण दूध-भाकरीवर शित्झू वाढत नाही. मोठेपणी अनेक कुत्र्यांना दूध पचतही नाही. पूर्णपणे घरच्या खाण्यावर ठेवणार असाल तर कॅल्शिअमची मात्रा डॉक्टरांकडून घ्या. नुसत्या चिकन-भातावर वाढलेल्या पिल्लाचे पाय वाकतात.

आपल्या ताटातलं जवळजवळ काहीच त्याला चालत नाही, याचं कारण नुसतं तिखट नव्हे. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, शिजवले तरी, पावडर केली तरी. भरीत, शेवभाजीचा रस्सा, पाटोडीची भाजी, ठेचा, सगळ्यात ते आहेतच. परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसतो, हिरड्या पांढऱ्या आणि लघवी गडद, म्हणून लोकांना संबंध लक्षात येत नाही. द्राक्षं आणि मनुका मूत्रपिंडावर घाला घालतात, मग शिऱ्यातल्या दोन मनुका का असेनात. चॉकलेट नको. वरण-बट्टीतली तुपात बुडवलेली बट्टी 'एवढीशीच' दिली तरी स्वादुपिंडाला सूज येऊन उलट्या सुरू होऊ शकतात. केळं मात्र चालतं, रावेर-यावलकडच्यांना तेवढंच समाधान: दोन-तीन चकत्या, रोज नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, जास्त जपा. घर पाहुण्यांनी भरलेलं, दार सतत उघडं आणि आमरसाच्या कोयींची बादली कोपऱ्यात. कोय शित्झूच्या गळ्यात अडकते, नाहीतर आतड्यात जाऊन बसते, आणि मग ऑपरेशनशिवाय निघत नाही. बादलीला झाकण लावा.

उन्हाळा

फेब्रुवारीच्या अखेरीलाच तयारी करा.

कुत्रा जिथे दुपार काढणार त्या खोलीच्या भिंतीवर, जमिनीपासून दोन फुटांवर, साधा तापमापक टांगा. तिथे ३० अंशांच्या आत राहिलं पाहिजे. जुन्या धाब्याच्या मातीच्या घरात हे सहज जमतं. आरसीसीच्या वरच्या मजल्यावर स्लॅब रात्री अकरा-बारापर्यंत उष्णता सोडत असतो, तिथे खालची खोली निवडा.

कूलर एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत छान चालतो, पण समोरची खिडकी थोडी उघडी ठेवायची. दारं-खिडक्या बंद करून कूलर लावला की तासाभरात खोली दमट होते. आपल्याला ते गारच वाटतं. कुत्र्याच्या जिभेवरच्या ओलाव्याची मात्र वाफ होईना, त्याचं धापणं फुकट जातं. याच कारणानं जूनमध्ये हवेत ओल आली की कूलर बंद करून पंखा किंवा एसी लावायचा. पावसाच्या आधीचे ते उकाड्याचे दहा-पंधरा दिवस शित्झूला मेपेक्षा जड जातात, आणि नेमके तेव्हाच लोक निर्धास्त होतात.

लाइट गेली तर? गोणपाट भिजवून फरशीवर अंथरा आणि शेजारी अर्धी फरशी कोरडी ठेवा, त्याला हवं ते तो निवडेल. शहाबादी फरशी असेल तर उत्तम. पाण्याची दोन पसरट मातीची भांडी, वेगवेगळ्या कोपऱ्यांत. खोल भांड्यात पाणी प्यायला गेला की याचं नाक बुडतं, मग तो पिणंच टाळतो. ५ किलोच्या कुत्र्याला एरवी दिवसाला २५० ते ३०० मिली पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त. बिनमिठाचं पातळ ताक दोन-चार चमचे चालेल.

फिरणं सकाळी साडेसहाच्या आत आणि रात्री साडेआठनंतर, पंधरा-वीस मिनिटं पुरे. डांबरी रस्त्यावर हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसवलं तरच त्याला चालवा. गळ्यात पट्टा नको, छातीचा हार्नेस वापरा. पट्टा ओढला की आधीच अरुंद असलेली श्वासनलिका दाबली जाते. उभ्या मोटारीत 'पाच मिनिटं' म्हणूनही ठेवू नका, काच चार बोटं खाली केली तरी.

ऊन लागल्याची लक्षणं क्रमानं येतात. आधी घोगरा, मोठा आवाज करत धापणं आणि चिकट लाळ. मग हिरड्या लालभडक, चाल लडखडती, उलटी. शेवटी जीभ निळसर आणि कोसळणं. पहिल्या पायरीवरच हालचाल करा:

१. सावलीत किंवा पंख्याखाली घ्या.
२. पोट, काखा, जांघा आणि पंजे यांवर गार पाणी ओता. गच्चीवरच्या टाकीचं नळाचं पाणी मेमध्ये चहाइतकं गरम असतं, ते वापरू नका. माठातलं, हौदातलं किंवा बोअरचं घ्या. बर्फ शोधत बसायची गरज नाही.
३. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका. दोन मिनिटांत तो गरम होतो आणि उष्णता आत कोंडतो. पाणी ओतत राहा, वारा घालत राहा.
४. गुदद्वारात दोन सेंटिमीटर थर्मामीटर घालून ताप बघा, टोकाला खोबरेल तेल लावून. नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. १०४ च्या वर गेलं की धोका. उतरून १०३ ला आलं की पाणी थांबवा, नाहीतर ते गरजेपेक्षा खाली जातं.
५. शुद्धीवर असेल तर पाणी समोर ठेवा, बळजबरीनं पाजू नका.
६. उठून शेपटी हलवू लागला तरी डॉक्टरांकडे न्याच. मूत्रपिंडाचा आणि रक्त गोठण्याचा बिघाड एक-दोन दिवसांनी उघडा पडतो.

अंगावरचे केस उन्हाळ्यात साफ भादरून टाकायचा मोह होतो. ते करू नका. कातडी उघडी पडली की ऊन थेट लागतं. दोन-अडीच सेंटिमीटर केस ठेवून 'पपी कट' करा, फक्त पोटाखालचे आणि गाद्यांमधले अगदी बारीक.

केस आणि डोळे

लांब केस ठेवायचे तर रोज, पपी कट असेल तर एक दिवसाआड विंचरा. स्लिकर ब्रश (बारीक तारांचा) आणि स्टीलचा कंगवा एवढंच लागतं. आधी पाण्यात थोडं कुत्र्याचं कंडिशनर मिसळून फवारा, कारण कोरडे केस तुटतात. थर पाडत मुळापासून टोकाकडे जा. वरवर फिरवलेला ब्रश फसवतो: वर रेशीम, खाली नमदा. कानामागे, काखेत आणि हार्नेसच्या खाली गाठी होतात. गाठीत थोडं कॉर्नफ्लोअर चोळून बोटांनी सोडवा. कात्री लावायचीच तर गाठ आणि कातडी यांच्यामध्ये आधी कंगवा घाला. दहा ते बारा महिन्यांच्या वयात पिल्लाचे केस जाऊन मोठेपणाचे येतात, तेव्हा दोन-तीन महिने दुप्पट गाठी होतील. त्या काळात बरेच जण कंटाळून सगळं भादरून घेतात.

अंघोळ दोन-तीन आठवड्यांनी, कुत्र्याच्याच शाम्पूनं, कोमट पाण्यानं. आधी विंचरणं, मग पाणी. भिजलेली गाठ आवळते ती सुटतच नाही.

डोळे मोठे, बाहेर आलेले आणि उथळ खोबणीत बसलेले असतात. रोज सकाळी उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून कडा पुसा, दर डोळ्याला नवा बोळा. नाकावरचे केस डोळ्यात टोचत असतील तर बांधा किंवा कापा. एक डोळा मिटून धरतोय, पाणी येतंय किंवा बुबुळावर निळसर ढग दिसतोय म्हणजे जखम आहे. त्याच दिवशी डॉक्टर. घरात पडलेले माणसाचे थेंब अजिबात घालू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर जखम खोल जाऊन डोळा फुटू शकतो. मानगुटीला धरून उचलू नका, त्या ताणानं डोळा खोबणीबाहेर येऊ शकतो.

दात रोज कुत्र्याच्या पेस्टनं घासा, माणसाची पेस्ट नको. नखं तीन-चार आठवड्यांनी. आतल्या बाजूचं अंगठ्याचं नख विसरलं की ते वळून मांसात शिरतं.

कधी कधी मान ताणून, घशातून घरघर आवाज करत तो हवा आत ओढू लागेल. जीव चालला असं वाटतं, पण ही बहुतेक वेळा उलटी शिंक असते. गळा हळू चोळा, अर्ध्या मिनिटात थांबते. बेशुद्ध पडला किंवा जीभ निळी झाली तर ती उलटी शिंक नव्हे.

गोचीड

ऊन सांभाळलं तरी गोचीडताप राहतोच. 'शेजारच्या गोठ्यातून आल्या' असं सर्रास म्हणतात. पण कुत्र्याची तपकिरी गोचीड वेगळी, ती भटक्या कुत्र्यांकडून येते आणि मग तुमच्याच घरात नांदते. एक मादी भिंतीच्या भेगेत हजारो अंडी घालते. अंगावर चार दिसत असतील तर भिंतीत कितीतरी जास्त आहेत. म्हणून नुसत्या कुत्र्याला औषध देऊन भागत नाही. पलंगाचे सांधे, दाराच्या चौकटी, कूलरच्या स्टँडमागची भिंत, सगळीकडे बघा, भेगा सिमेंटनं बुजवा, अंथरूण उकळत्या पाण्यात धुवा.

कुत्र्याला वजनानुसार गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध डॉक्टरांकडून घ्या. फ्लुरालानेरची गोळी सुमारे बारा आठवडे चालते, अफॉक्सोलानेरची महिनाभर. झटके येण्याचा पूर्वेतिहास असेल तर आधी सांगा. गोठ्यातलं अमिट्राझ, डेल्टामेथ्रिन किंवा आयव्हरमेक्टिन अंदाजानं देऊ नका. ती बाटली चारशे किलोच्या गाईच्या हिशेबाची, तुमचा कुत्रा पाच किलोचा. रॉकेल तर नकोच.

अंगावर दिसली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, बोटांनी चिरडू नका, साबणाच्या पाण्यात टाका. त्यानंतर तीन आठवडे लक्ष ठेवा. खाणं सोडलं, ताप आला, हिरड्या फिकट झाल्या, नाकातून रक्त आलं किंवा लघवी चहासारखी झाली तर रक्ततपासणी करून प्लेटलेट बघा. एर्लिकिया आणि बॅबेसिया या गोचीडतापाच्या दोन जंतूंची औषधं वेगवेगळी असतात, त्यामुळे तपासणीशिवाय अंदाजानं सुरू केलेली गोळी अनेकदा फुकट जाते. औषधाचा कोर्स अर्ध्यावर सोडू नका, कुत्रा चौथ्या दिवशी उड्या मारू लागला तरी. आणि तापासाठी आपली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक देऊ नका. एवढ्या वजनाच्या कुत्र्याला त्यातली एक गोळीसुद्धा घातक ठरू शकते.

पावसाळा आणि पुढे

पावसात कान बघा. लोंबते, केसाळ कान आणि ओल म्हणजे बुरशीला आमंत्रण. आंबूस वास, तपकिरी मळ, सतत डोकं झटकणं ही लक्षणं. बाहेरून आल्यावर पाय धुऊन बोटांमधली जागा कोरडी करा. शेताच्या कडेनं फिरवत असाल तर कपाशीवर फवारणी झालेल्या बांधावर नेऊ नका. तो घरी येऊन पंजे चाटतो आणि औषध पोटात जातं.

तालुक्याच्या ठिकाणी डॉक्टरांचा हात बहुधा गुराढोरांवर बसलेला असतो. लसीला, जखमेला तो पुरेसा आहे. भूल देऊन करायच्या कामासाठी मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी, चपट्या नाकाच्या कुत्र्यांना भूल देण्याचा सराव असलेल्यांकडे जा. श्वासनलिकेत नळी घालता का, पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत नळी ठेवता का आणि ऑक्सिजन आहे का, हे तीन प्रश्न आधी विचारा. नसबंदी सात-आठ महिन्यांच्या सुमारास करतात. तोवर न पडलेले दुधाचे दात त्याच भुलीत काढून घ्या, म्हणजे दुसऱ्यांदा भूल द्यावी लागत नाही. ऑक्टोबरला आलेलं पिल्लू हिशेबानं मार्च-एप्रिलमध्ये या वयाला पोहोचतं. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातली, सकाळी आठची वेळ मिळाली तर करून टाका. हुकली तर सरळ नोव्हेंबरवर ढकला. मादी असेल तर मधल्या काळात ती माजावर येईल, तेव्हा तीन आठवडे गच्चीचं दारसुद्धा बंद ठेवा.